विचारा, सांगते : तानपुरा गेला कुठे?

परिस्थिती बघून स्वतःला बदलणारी यंत्रं म्हणून जी विकली जातात, त्यांच्याबद्दलची पत्रं यंदा बरीच साठली होती. हा विषय मी इंजिनिअरिंगच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवला, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पत्रं कापून लहान केली आहेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या माझ्या शिष्येला मी व्हिडिओ कॉलवर ख्याल शिकवते. माझ्याकडे तानपुरा सुरू असतो. तो तिला सुरुवातीला क्षणभर ऐकू येतो आणि मग गायब होतो. तिने षड्ज लांबवला की तिचा आवाजही मला विरत जाताना ऐकू येतो. दम कमी पडतोय असं समजून मी तिला बोललेही. इंटरनेटचा दोष असेल का?
– गायनशिक्षिका, सांगली

उत्तर : दोष इंटरनेटचा नाही आणि शिष्येच्या दमाचाही नाही. तिला तसं आजच कळवा.

तुमच्या कॉलमध्ये दोन कारागीर गुपचूप काम करत असतात. पहिल्याचं काम आहे खोलीतला गोंगाट काढणं. पंखा, एसी, रस्त्याची घरघर. गोंगाट म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे तो एक अटकळ बांधतो. बोलणारा माणूस अधूनमधून थांबतो, शब्दांमध्ये फटी राहतात; पंखा काही थांबत नाही. मग तो आवाजाचे वारंवारतेनुसार बारीक पट्टे पाडतो आणि गेल्या दीड-दोन सेकंदांत प्रत्येक पट्ट्यातली सगळ्यांत खालची पातळी कोणती होती, ते बघतो. जी पातळी कधी खाली आलीच नाही, ती गोंगाटाची. तेवढी वजा!

आता या कारागिराच्या कानाने तानपुरा ऐका. पंचम, जोड, खर्ज, पुन्हा पंचम. एक तार विरायच्या आत दुसरी छेडलेली, आणि जवारीमुळे स्वरसंगती भरून राहिलेली. फट कुठेच नाही. उत्तम लावलेला तानपुरा त्याच्या हिशेबात उत्तम दर्जाचा पंखा ठरतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तर त्याहून. शिष्येचा षड्ज जितका स्थिर, तितका लवकर तो गोंगाटाच्या खात्यात जमा होतो. ती बेसूर हलली असती तर जास्त वेळ ऐकू आली असती! नव्या ॲपमध्ये ही अटकळ न बांधता बोलण्याच्या हजारो नमुन्यांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क बसवतात. पण ते शिकलंय संभाषणावर. आपल्या गाण्याशी त्याचा परिचय बेताचाच.

दुसरा कारागीर प्रतिध्वनी काढणारा. शिष्येचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर येतो, भिंतींवर आपटतो, तुमच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि तिच्याकडे परत जातो. हा कारागीर स्पीकरला काय दिलं हे जाणतो आणि मायक्रोफोनमध्ये काय आलं हेही ऐकतो. मधल्या खोलीची तो एक नक्कल तयार करतो : इतका आवाज इतक्या उशिराने, इतका त्यानंतर. त्या नकलेतून निघालेला अंदाज तो मायक्रोफोनच्या आवाजातून वजा करतो. जे उरतं ती चूक, आणि त्या चुकीवरून नक्कल किंचित सुधारायची. तुम्ही तानपुरा जुळवताना मणी जरासा सरकवता, ऐकता, उरलेल्या फरकाएवढा पुन्हा सरकवता, तसंच. फक्त इथे मणी हजारो असतात. सेकंदाला १६,००० नमुने घेतले आणि पाव सेकंदाचा घुमार धरला, तर ४,००० गुणक, म्हणजे आपले मणी, होतात. प्रत्येक नमुन्यागणिक ते सगळे हलतात.

हा सुधारण्याचा नियम स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९५९ च्या शरद ऋतूत शोधला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केला. नियम एका ओळीचा आहे : प्रत्येक गुणकात चूक गुणिले आलेला सिग्नल गुणिले एक छोटी संख्या मिळवा. बस. (हे हॉफ पुढे इंटेलमध्ये गेले आणि पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या कल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता. माणसाने एकाच आयुष्यात किती करावं!) प्रतिध्वनीसाठी अशी योजना मांडणाऱ्यांत मनमोहन सोंधी हे एक प्रमुख नाव. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले सोंधी बेल लॅब्जमध्ये होते, म्हणजे तुमच्या शिष्येच्या न्यू जर्सीतच. त्यांचा निबंध १९६७ चा. त्या वेळची निकड उपग्रहांची होती. भूस्थिर उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर. बोललेलं पलीकडे पोचायला पाव सेकंद, आणि प्रतिध्वनी परत यायला अर्धा सेकंद. स्वतःचंच वाक्य अर्ध्या सेकंदाने कानावर आलं की माणूस अडखळतोच. त्याआधीचा उपाय म्हणजे एक जण बोलत असताना दुसऱ्याची वाट कापून टाकणं. आपल्या नारायणगावजवळच्या आर्वीच्या भूकेंद्रातून १९७० च्या दशकात ज्यांनी परदेशी फोन लावले असतील, त्यांना 'हॅलो हॅलो, आधी तुम्ही बोला' हा प्रकार आठवत असेल.

या दुसऱ्या कारागिराचीही तानपुऱ्यापुढे पंचाईत होते. खोली ओळखायची तर आवाजात सगळ्या वारंवारता यायला हव्यात, आणि बोलण्यात त्या येतात. तानपुऱ्यात ठरलेले स्वर आणि त्यांचे उपस्वर तेवढेच. तिच्याकडे त्याच पट्टीत तानपुरा सुरू असेल, तर तुमच्या मायक्रोफोनमधला कोणता तुमचा आणि कोणता स्पीकरमधून आलेला, हे त्याने ओळखायचं कसं? त्यातून तुम्ही दोघी एकदम गायलात की उरलेली सगळी चूक नकलेची आहे असं त्याला वाटतं, आणि चांगली जमलेली नक्कल बिघडते. यावर पहारा ठेवणारे उपाय आहेत, पण ते बोलणाऱ्यांसाठी बेतलेले.

तेव्हा असं करा. दोघींनी तारेचे हेडफोन लावा, ब्लूटूथचे नकोत. त्यांनी उशीर वाढतो आणि माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा घसरतो. स्पीकर बंद म्हणजे प्रतिध्वनी नाही, म्हणजे दुसऱ्या कारागिराला सुट्टी देता येते. मग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट काढणं आणि प्रतिध्वनी काढणं, दोन्ही बंद करा. झूममध्ये हे 'ओरिजिनल साउंड' या नावाखाली आहे. तानपुरा तिने तिच्याकडे लावावा, तुम्ही तुमच्याकडे. एकत्र गाण्याचा हट्ट मात्र सोडा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन आठवा हिस्सा सेकंद तर नुसत्या प्रवासात गेला, आणि खरा रस्ता त्याहून लांबचा. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर अर्धी मात्रा तिथेच बुडाली. यावर कोणताही अल्गोरिदम नाही.

प्रश्न : मुलीने आवाज बंद करणारे महागडे हेडफोन दिले. मिक्सरची घरघर जाते, पण कुकरची शिट्टी आणि सूनबाईंचं बोलणं ऐकू येतं. हेडफोन नकली आहेत का?
– निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : अस्सल आहेत. सूनबाईंचं बोलणं ऐकू येतंय हेही बरंच आहे.

बाहेरचा आवाज छोट्या मायक्रोफोनने पकडायचा, त्याचा उलटा आवाज तयार करून कानात सोडायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पाउल लुएग यांना तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं. पण उलटी लाट वेळेवर पोचली पाहिजे. १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर. तिथे सेंटिमीटरभर इकडेतिकडे चालतं. ३,००० हर्ट्झच्या शिट्टीची तरंगलांबी अकरा सेंटिमीटर. तिथे तेवढीच चूक लाटेच्या अकराव्या हिश्श्याची होते आणि आवाज फारसा मरत नाही. म्हणून वरच्या पट्टीतले आवाज अडवायचं काम इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा कानावरची गादी करते. ती घट्ट बसते का, ते बघा. चष्म्याची काडी मध्ये येत असेल तर निम्मा पैसा वाया.

प्रश्न : आमच्या सोसायटीत 'एआय' म्हणून कॅमेरे बसवले. रात्रभर मोबाइलवर सूचना येतात आणि उघडून बघावं तर नारळाची झावळी. उलट गेटजवळ एक अनोळखी स्कूटर दोन दिवस उभी होती, तिच्याबद्दल अवाक्षर नाही. ती नेली, तेव्हा मात्र सूचना आली! कॅमेरेवाला म्हणतो, आणखी महागडं मॉडेल घ्या.
– सचिव, गृहनिर्माण सोसायटी, डोंबिवली

उत्तर : महागडं मॉडेल घेण्याआधी एक शिडी आणि झाडू घ्या, ते कशासाठी ते पुढे सांगते. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने घडतात.

'काहीतरी हललं' असं कॅमेरा म्हणतो, तेव्हा तो आत्ताच्या चित्रातून नेहमीचं चित्र वजा करत असतो. हे नेहमीचं चित्र त्याला कुणी आणून देत नाही, ते तो स्वतः बनवतो आणि सतत दुरुस्त करत राहतो. ऊन सरकतं, संध्याकाळ होते, पावसाने रस्ता काळा पडतो; सकाळचं चित्र दुपारी चालणार नाही. १९२० गुणिले १०८० म्हणजे चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक ठिपक्याचा 'नेहमीचा रंग' प्रत्येक चित्रागणिक जरासा सुधारायचा, म्हणजे सेकंदाला पाच कोटींवर दुरुस्त्या. पहिल्या पत्रात सांगितलेला नियम, तोच इथेही राबतो.

साध्या रेकॉर्डरमध्ये ठिपक्याला एकच नेहमीचा रंग असतो, किंवा तेवढंही नसतं, नुसतं मागचं चित्र आणि पुढचं चित्र यांतला फरक. झावळीच्या टोकाजवळचा ठिपका कधी हिरवा, कधी आकाशाचा. एकच रंग धरलात तर तो कायमच चुकणार. एमआयटीतल्या ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये यावर छान तोड काढली : प्रत्येक ठिपक्याला तीन ते पाच नेहमीचे रंग असू द्या, ज्याची हजेरी जास्त त्याला वजन जास्त. मग हिरवाही ओळखीचा, आकाशही ओळखीचं, आणि त्या जागी लाल शर्ट आला तरच ओरडायचं. तुमच्या कॅमेऱ्यात हे आहे की नाही, ते विक्रेत्याला विचारा. तो गडबडला तर नाही असं समजा.

आता स्कूटर. दुरुस्तीचा वेग हजारात एक ठेवला, तर सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने नेहमीचं चित्र साधारण ४० सेकंदांत नव्या दृश्याकडे बरंचसं झुकतं. स्कूटर आली तेव्हा सूचना आली असेल, तुम्ही ती झावळीची समजून पुसली असेल. मग दोनेक मिनिटांत स्कूटर भिंतीसारखीच नेहमीची झाली. दोन दिवसांनी ती हलवली, तेव्हा खालची मोकळी फरशी कॅमेऱ्याला अनोळखी वाटली. रिकाम्या जागेला वस्तू समजण्याच्या या प्रकाराला आमच्या धंद्यात 'भूत' म्हणतात. वेग कमी करावा तर ऊन-सावली बदलली की सगळीकडे सूचना. वाढवावा तर हळू चालणारा चोरही नेहमीचा होऊन जातो. म्हणून बेवारस वस्तू पकडायची असेल तर दोन नेहमीची चित्रं ठेवतात, एक भराभर बदलणारं आणि एक आळशी. भराभर बदलणाऱ्यात आहे पण आळशी चित्रात नाही, ती वस्तू नवी येऊन थांबलेली. ही सोय बऱ्याच रेकॉर्डरमध्ये वेगळ्या नावाने असते आणि मुळात बंद असते.

आता शिडी. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी जाळं विणतो. जाळ्याचा एक धागा भिंगासमोर हलला की कॅमेऱ्याला दोरखंड हलल्यासारखा दिसतो. पावसाचे थेंबही असेच चमकतात. जाळी झाडा, आणि जमलं तर कॅमेऱ्यातले दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा दोन-तीन मीटर बाजूला लावा. झावळीचा भाग सेटिंगमध्ये झाकून टाका. 'वस्तू किमान एवढी मोठी असावी' हा आकडा असतो, तो वाढवा. आणि कॅमेऱ्याची वारंवारता ६० वर ठेवली असेल तर ५० करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ६० च्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी मेळ बसत नाही आणि चित्रावर पट्टे सरकत राहतात. गणपतीत मांडवाची रोषणाई लागली की हा प्रकार आणखी वाढतो. एवढं करूनही झावळी छळत असेल तर ती छाटा.

प्रश्न : मॅडम, आमचा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प आईच्या पोटावरून बाळाचा ईसीजी वेगळा करण्याचा आहे. एलएमएस (चुकीवरून गुणक सुधारण्याचा विड्रो-हॉफ नियम) वापरतोय. कधी गुणक फुगत जाऊन सगळं बिघडतं. कधी नीट चालतं, पण चूक शून्य होत नाही. पावलाची लांबी किती ठेवू?
– विद्यार्थिनी, इंजिनिअरिंग कॉलेज, कराड

उत्तर : तुझ्या पत्रातलं चौथं वाक्य वाचून मी खुर्चीत सावरून बसले. चूक शून्य होत नाही, अशी तक्रार करतेस? अगं, ती चूक म्हणजेच बाळ.

नीट बघ. पोटावरच्या इलेक्ट्रोडमध्ये आईचं हृदय आणि बाळाचं हृदय, दोन्ही येतात आणि आईचं कितीतरी पटींनी मोठं असतं. छातीवरच्या इलेक्ट्रोडमध्ये जवळजवळ फक्त आई. फिल्टर छातीच्या सिग्नलवरून पोटावरचा सिग्नल बनवायचा प्रयत्न करतो. त्याला आई बनवता येते, बाळ बनवता येत नाही, कारण त्याच्या हाती दिलेल्या सिग्नलमध्ये बाळ नाहीच. म्हणून वजाबाकीनंतर बाळ उरतं. विड्रो आणि सहकाऱ्यांनी १९७५ च्या निबंधात हेच करून दाखवलं होतं : संदर्भाला छातीवरच्या चार जोडण्या, पोटावरची एक. तुझी चूक खरोखर शून्य झाली, तर संदर्भात बाळाचा अंश शिरलाय असं समज आणि इलेक्ट्रोड पोटापासून लांब, वर घे.

फुगण्याबद्दल. पावलाची लांबी, म्हणजे त्या नियमातली छोटी संख्या, हा ठरीव आकडा नसतो. संदर्भ सिग्नलची शक्ती जास्त आणि गुणकांची संख्या जास्त, तर पाऊल लहान. सिग्नल दुप्पट मोठा केलास तर शक्ती चौपट होते, म्हणजे पाऊल पाव करायला हवं. इथेच निम्मे प्रकल्प फुटतात. सोपा मार्ग म्हणजे नॉर्मलाइज्ड एलएमएस : दर वेळी पाऊल ताज्या नमुन्यांच्या एकूण शक्तीने भागायचं आणि भाजकात एक छोटी संख्या मिळवून ठेवायची, म्हणजे सिग्नल शांत असताना शून्याने भागलं जात नाही. त्यात पाऊल ० ते २ च्या मध्ये असलं की फिल्टर फुटत नाही. तू ०.०५ पासून सुरू कर. मोठं पाऊल टाकलंस तर तो बाळाच्या ठोक्यांच्याही मागे धावायला लागतो आणि त्यांचा आकार मोडतो.

विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आधी काढ. त्यासाठी ४,००० काय, दोन गुणक पुरतात : एक ५० हर्ट्झची लहर, दुसरी तीच पाव आवर्तनाने सरकवलेली. त्यांच्या बेरजेतून हव्या त्या उंचीची, हव्या त्या टप्प्यावरची लहर बनते. ग्रिडची वारंवारता ५० च्या आसपास थोडी हलत असते. पक्का खाचेचा (ठरलेली वारंवारता तेवढी काढणारा) फिल्टर अरुंद केलास तर ती त्यातून निसटते, हा दोन गुणकांचा मात्र तिच्यामागे जातो. फक्त एक पथ्य. पोटाच्या सिग्नलवर जो फिल्टर लावशील, तोच छातीच्याही सिग्नलवर लाव. दोघांना वेगवेगळा उशीर दिलास तर पुढची सगळी मेहनत तो उशीर भरून काढण्यात जाईल.

निकाल तपासायला ठोके मोज. आईचे मिनिटाला ७० ते ९०, बाळाचे साधारण ११० ते १६०. तुझे ८० आले तर अजून आईच दिसतेय. आणि हो, घरी जोडलेलं सर्किट घेऊन शेजारच्या गरोदर वहिनीकडे जायचं नाही. 'फिजिओनेट' या संग्रहात अशी ध्वनिमुद्रणासारखी साठवलेली ईसीजीची नोंद फुकट मिळते, त्यावर काम कर.

प्रश्न : जोराचा पाऊस आला की डिशवरचं चित्र तुटतं. त्याच पावसात मुलाचा चालत्या लोकलमधून फोन येतो आणि तो नीट ऐकू येतो. डिश कंपनी तेवढी हुशार नाही का?
– वाचक, महाबळेश्वर

उत्तर : यात हुशारीचा वाटा कमी आणि लहरीच्या लांबीचा जास्त. डिशची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, काही मिलिमीटरचे थेंब तिला चांगलेच खातात. मोबाइलच्या लहरी त्याहून बऱ्याच लांब, त्यांना पाऊस फारसा जाणवत नाही.

हुशारीचा वाटा असा. ९०० मेगाहर्ट्झवर अर्धी तरंगलांबी १७ सेंटिमीटर. ताशी ७० किलोमीटरने धावणारी लोकल तेवढं अंतर ९ मिलिसेकंदांत कापते, आणि तेवढ्यात इमारतींवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरींची सगळी मांडणी बदलते. जुन्या टूजीतसुद्धा यावर उपाय आहे. बोलणं ०.५७७ मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातं आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध २६ बिट्स दोन्हीकडे आधीच ठरलेले असतात. फोन बघतो की ते किती बिघडून आले, आणि त्यावरून बाकीचे दुरुस्त करतो. शिवाय सिग्नल कसा येतोय, ते तो टॉवरला सतत कळवत असतो. तुमचा सेट टॉप बॉक्सही आलेलं दुरुस्त करतो, पण उपग्रहाला काही कळवायची सोयच नाही. आणि कळवलं तरी काय? एकाच प्रक्षेपणावर सारा देश बसलेला; महाबळेश्वरच्या पावसासाठी बिकानेरच्या माणसाचं चित्र कमी दर्जाचं कोण करणार?

पावसाळ्याआधी डिशची दिशा तपासून घ्या. कोरड्या हवामानात जरा वाकडी डिशही चालते, पावसात ती आधी मरते. अंतिम षटकातच पडदा निळा झाला आणि आकाशवाणीवर समालोचन असेल, तर मध्यम लहरी लावा. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर पावणेचारशे मीटरहून लांब आहे. वीज कडाडली की खरखर येईल, पण थेंबांना ती भीक घालत नाही.